कॉप्टिक कुटुंबाचं खाजगी दप्तर: स्मृती आणि समाजाची ओळख त्यातून वाचायची कशी?

पाठपोट (प्रश्न; पुढची उपशीर्षकं म्हणजे चर्चेतल्या सदस्यांची टोपणनावं)

नमस्कार. वरच्या (म्हणजे दक्षिणेकडच्या) इजिप्तमधल्या, अस्यूत प्रांतातल्या एका कॉप्टिक, म्हणजे इजिप्शियन ख्रिस्ती, कुटुंबाच्या खाजगी कागदांचे स्कॅन अभ्यासासाठी मिळाले आहेत. मूळ कागद कुटुंबाकडेच आहेत, एक लाकडी पेटी आणि दोन पत्र्याचे डबे. सहाशेच्या आसपास कागद असतील. सर्वांत जुने १८५० च्या मागचेपुढचे, शेवटचे १९७० नंतरचे. बहुतेक अरबी, थोडे फ्रेंच. जमिनीची खतं, साऱ्याच्या पावत्या, पत्रं, फोटो, वर्तमानपत्रांची कात्रणं, आणि प्रार्थनेच्या पुस्तकांच्या कोऱ्या पानांवर जन्ममृत्यूच्या नोंदी.

विषय आहे कुटुंबाची स्मृती आणि कॉप्टिक समाजाची सामूहिक ओळख. पण धर्माशी थेट संबंध असलेले कागद एकदशांशही भरत नाहीत. बाकी सगळी जमीनच जमीन. जाणकारांना विचारायचंय:

जमीन, चर्च, पत्रव्यवहार असे विषयवार गठ्ठे करावेत का? एकाच कागदावर दोन-तीन तारखा आहेत आणि त्या जुळत नाहीत, त्यांचं काय? काही जमाखर्चात अरबी आकडे नाहीतच, वेगळीच वळणदार चिन्हं आहेत, ती कुठली? आणि मुख्य म्हणजे, जमिनीच्या कागदांतून 'ओळख' काढणं ओढूनताणून होणार नाही ना?

दप्तरदार

विषयवार गठ्ठ्यांचा मोह आवरा. निदान मूळ क्रम नोंदवून होईपर्यंत तरी. खाजगी दप्तरात कुठला कागद कुठल्या कागदाशेजारी होता ही अर्धी माहिती असते. बाप्तिस्म्याचा दाखला खरेदीखताच्या घडीत सापडला, तर तो बहुधा वारसा शाबीत करायला जपलेला. तोच दाखला प्रार्थनेच्या पुस्तकात सापडला तर अर्थ बदलतो. दोन्ही 'धर्म' नावाच्या फोल्डरमध्ये टाकलेत की हा फरक कायमचा गेला.

स्कॅन आधीच झालेत म्हणता, मग ते कुठल्या क्रमाने झाले हे कुटुंबाला आजच विचारा. शक्य असेल तर पेटी परत उघडून थराथराचे फोटो काढायला सांगा. पुडक्याची दोरी, कापड, टाचणी सोडण्याआधी एक फोटो, सोडल्यावर एक. क्रमांक असा द्या की त्यातून जागा कळेल: पेटी, पुडकं, कागद, बाजू. उदाहरणार्थ 'अ-०३-०१७-पाठ'. मागची बाजू कोरी असली तरी तिचा स्कॅन हवाच. जुनी पत्रं घडी घालून पाठीवर पत्ता लिहून जात, आणि इजिप्तची सरकारी टपाल तिकिटं १ जानेवारी १८६६ पासूनची. त्याआधीच्या पत्राच्या पाठीवर तिकिटाऐवजी नेणाऱ्याचं नाव किंवा 'अमक्याच्या दुकानी पोचवावे' एवढंच मिळतं, आणि ते दुकान म्हणजे त्या कुटुंबाच्या ओळखीपाळखीचा पहिला धागा.

मग तक्ता करा. रकाने: क्रमांक, प्रकार, मुळातली तारीख जशीच्या तशी, बदललेली तारीख, गाव, नावांची पूर्ण साखळी, शिक्का की सही की अंगठा, साक्षीदार, आणि नंतर कोणी काय लिहिलं. शेवटचा रकाना लोक गाळतात. स्मृती हा विषय असेल तर मुख्य रकाना तोच.

आता एवढी जमीन का, ते. कागद जपले जातात ते गरज असते म्हणून. एक फद्दान म्हणजे २४ किरात, एक किरात म्हणजे २४ सहम. फद्दान साधारण ४,२०० चौरस मीटर. तीन पिढ्यांच्या वाटण्यांनंतर एकेकाच्या वाट्याला '३ किरात १४ सहम' असं काहीतरी येतं आणि ते सिद्ध करायला मागची सगळी साखळी लागते. घराचंही तसंच, घर २४ किरातांचं धरून 'घरातले ६ किरात' विकले जातात. त्यात १९५२ चा कृषी सुधारणा कायदा (क्र. १७८) आला, मालकीची मर्यादा २०० फद्दान झाली; १९६१ मध्ये ती १०० वर आली, १९६९ मध्ये ५० वर. १९६० च्या दशकात कित्येक घराण्यांची मालमत्ता सरकारी जप्तीत गेली. खटले वर्षानुवर्षं चालले. अशा घरात खरेदीखत टाकून देण्याची कोणाची हिंमत होईल? कुटुंब मुळात मोठं जमीनदार नसेल तरी शेजाऱ्याचा अनुभव पुरेसा असतो.

फ्रेंच कागद बघून 'युरोपीय संस्कृतीचा प्रभाव' असं लगेच लिहू नका. मिश्र न्यायालयं १८७६ पासून १९४९ पर्यंत चालली, परदेशी पक्ष असलेले दावे तिथे जात आणि कामकाज मुख्यतः फ्रेंचमध्ये. क्रेदी फॉन्सिए एजिप्सियँ ही गहाणकर्ज देणारी बँक १८८० ची. जमीन तारण ठेवली की फ्रेंच कागद घरात येणारच. १९०७ च्या आर्थिक पडझडीच्या आसपास असे कागद वाढलेले दिसले तर कारण कर्जात शोधा.

तूत ते नसी

तारखांबद्दल, कारण सर्वांत जास्त घोळ तिथेच होतो.

कॉप्टिक सन म्हणजे शहीद संवत, रोमन सम्राट डायोक्लेशनच्या राज्यारोहणाच्या वर्षापासून, इ.स. २८४. वर्षात ३० दिवसांचे १२ महिने: तूत, बाबा, हातूर, कियाहक, तूबा, अमशीर, बरमहात, बरमूदा, बशन्स, बऊना, अबीब, मिस्रा. शेवटी 'नसी' नावाचा ५ दिवसांचा छोटा महिना, लीप वर्षी ६. संवताला ४ ने भागून ३ उरले की ते लीप वर्ष.

वर्षाचा हिशेब: तूतपासून डिसेंबरअखेरपर्यंत संवतात २८३ मिळवा, जानेवारीपासून २८४. बरेच जण सरसकट २८४ मिळवतात आणि शरद ऋतूतले सगळे कागद एक वर्ष पुढे जातात. मग नातू आजोबांच्या आधी सही करताना दिसतो.

दिवसाचा हिशेब: १९०० ते २०९९ मध्ये १ तूत म्हणजे ११ सप्टेंबर (लीप वर्षानंतर लगेच आलेल्या वर्षी १२). पण १८०० ते १८९९ मध्ये तो १० सप्टेंबर (किंवा ११), कारण कॉप्टिक सन जुन्या ज्युलियन दिनदर्शिकेबरोबर चालतो, आणि ती व आजची ग्रेगरियन यांतलं अंतर तेव्हा १३ ऐवजी १२ दिवसांचं होतं. नेटवरची तयार कोष्टकं बहुधा आजच्या हिशेबाची असतात. उदाहरण घ्या: १५ बरमूदा १६०० ही तारीख २२ एप्रिल १८८४ येते. आजचं कोष्टक लावलंत तर २३ येईल. एका दिवसाने काय होतं? खताखाली हिजरी तारीखही असते, आणि एक दिवस चुकला की वार जुळत नाही आणि माणूस अस्सल कागदाला बनावट म्हणून मोकळा होतो.

हिजरी बाजूलाही एक दिवसाची सूट ठेवा, चंद्रदर्शनाने महिना इकडेतिकडे होतो. वार लिहिला असेल तर वार प्रमाण माना.

सरकारने ग्रेगरियन दिनदर्शिका १८७५ मध्ये घेतली. त्याआधी साऱ्याचा हिशेब कॉप्टिक सौर वर्षावर, कारण पीक सूर्यावर चालतं, हिजरी चांद्र वर्ष दर साली सुमारे ११ दिवस मागे सरकतं. यातून एक सावधगिरी: नुसता कॉप्टिक महिना दिसला म्हणून लिहिणारा कॉप्ट ठरत नाही. खंडाचे करार, पाण्याची पाळी, पेरणी या सगळ्यांत मुस्लिम शेतकरीही तूत-बाबा-हातूरच वापरत आणि अजून वापरतात. महिन्यासोबत 'शहीद संवत' असं वर्ष लिहिलं असेल तर मग बोला.

आकडे. अरबी आकड्यांत आपल्या डोळ्यांना दगा देणारे दोन. त्यांचा पाच गोल असतो, थेट आपल्या शून्यासारखा, आणि त्यांचं शून्य म्हणजे फक्त एक ठिपका. घाईच्या हातात ठिपका शाईच्या डागात हरवतो. ५० फद्दान आणि ५ फद्दान यांत फरक पडतो, म्हणून रक्कम अक्षरी कुठे आहे ते आधी शोधा. खतांत ती असतेच, शिवाय अर्धी रक्कमही अक्षरी लिहायची पद्धत आहे ('शंभर, ज्याचे निम्मे पन्नास'), फेरफार होऊ नये म्हणून.

तुमची ती वळणदार चिन्हं कॉप्टिक लेखनिकांची हिशेबी अंकलिपी असणार. १ ते ९, १० ते ९० आणि १०० ते ९०० अशी २७ वेगवेगळी चिन्हं. शून्य नाही, स्थानमूल्य नाही. चिन्हांच्या किमतींची बेरीज करायची. हजारासाठी चिन्हाखाली एक रेघ येते. मूळ ग्रीक-कॉप्टिक अक्षरांचं हे घसटून झालेलं रूप. युनिकोडमध्ये २०१४ पासून याचा स्वतंत्र विभाग आहे, म्हणजे तक्त्यात टंकताही येईल. वाचायची युक्ती: एकूण बेरजेपासून सुरुवात करा, वर चढा. धान्याचा हिशेब असेल तर मापं मदतीला येतात: १ अर्देब म्हणजे ६ वैबा, १२ कैला किंवा २४ रुब. खालच्या स्तंभात २३ पेक्षा मोठा आकडा वाचलात तर तुमचं वाचन चुकलंय. चलनात तसंच: पौंडाचे १०० पियास्तर, म्हणजे किर्श, जुन्या हिशेबात किर्शचे ४० पारा.

ऑटोमन महसूल खात्यातला एखादा जुना कागद असेल तर त्यात किर्मा नावाचं वळण मिळू शकतं. नुक्ते नाहीत, अक्षरं एकमेकांत गुंतलेली. मोडी वाचणाऱ्यांना हा त्रास नवा नाही. त्यावर वेळ घालवण्याआधी कागदाच्या पाठीवर साध्या रुका (रोजच्या अरबी लिखाणाच्या) अक्षरात सारांश आहे का बघा, पुष्कळदा असतो.

समासातली नोंद

दप्तरदारांशी ऐंशी टक्के सहमत. पण 'जमीन गरजेपोटी जपली' एवढ्यावर थांबलं तर जमिनीच्या कागदातली ओळख हातची जाईल. माझी कसोटी वेगळी आहे: लिहिणाऱ्याला पर्याय कुठे होता ते शोधा. जिथे पर्याय नव्हता तिथे ओळख वाचू नका.

पर्याय नसलेल्या जागा आधी. शरियत न्यायालयाच्या जुन्या कागदात नावापाशी 'धिम्मी' (मुस्लिम राज्यातला संरक्षित बिगर-मुस्लिम), 'नसरानी' (ख्रिस्ती), 'याकूबी' (कॉप्टिक ऑर्थोडॉक्स पंथाचा) असं येतं. ती कारकुनाची ठरीव भाषा आहे, कुटुंब स्वतःबद्दल बोलत नाहीये. जिझिया १८५५ मध्ये बंद झाला, त्यानंतर हे उल्लेख विरळ होत जातात, पण एका दिवसात नाही. दुसरं, साक्षीदार. त्या न्यायालयात साक्षीदार मुस्लिमच असणार, तो कायद्याचा भाग. 'कॉप्ट साक्षीदार नाही म्हणजे समाज एकटा पडला होता' किंवा उलट 'मुस्लिम साक्षीदार आहेत म्हणजे केवढा सलोखा', दोन्ही निष्कर्ष फुकट. सलोखा किंवा तेढ बघायची असेल तर खाजगी भागीदारीच्या चिठ्ठ्या बघा, जिथे जोडीदार आणि जामीनदार स्वतः निवडलेले असतात. खतातल्या चार सीमा वाचा: उत्तरेस अमक्याची शेती, पूर्वेस चर्चच्या वक्फाची जमीन. अशा पन्नास खतांच्या सीमा एका नकाशावर मांडल्या की गावात कोण कोणाशेजारी होतं ते दिसतं.

आता पर्यायाची सर्वांत चांगली जागा: वाटणी. समजा मृताची पत्नी हयात नाही, मागे एक मुलगा, एक मुलगी. शरियतच्या हिशेबाने २४ किरातांतले १६ मुलाला, ८ मुलीला. १९४३ चा वारसा कायदा (क्र. ७७) धर्म न बघता सगळ्या इजिप्शियनांना लागू झाला. पण कॉप्टिक समाजाच्या मजलिस मिल्लीने (समाजाचा कारभार बघणाऱ्या परिषदेने) १९३८ मध्ये केलेल्या कौटुंबिक नियमावलीत मुलगा-मुलीला सारखा वाटा आहे, आणि सगळे वारस राजी असतील तर स्वधर्माच्या नियमाने वाटणी करता येत होती. म्हणजे तुमच्या वाटणीपत्रात १२–१२ दिसलं तर तिथे कोणीतरी ठरवून समाजाचा नियम निवडलाय. १६–८ दिसलं तर भावाने देशाचा कायदा सोयीचा मानला. मग दोन पिढ्यांनंतरचं कुटुंब 'आपण कॉप्टिक, आपल्यात मुलींना समान' असं सांगत असेल तर ते वाक्य या आकड्यांशेजारी ठेवून बघा. ओळख ही अशी किरातांत मोजता येते, ओढाताण करावी लागत नाही.

दुसरी जागा, पत्राचा मायना. सरकारी अर्जात तटस्थ मायना. त्याच माणसाने धर्मगुरूला लिहिलेल्या पत्रात 'पिता, पुत्र आणि पवित्र आत्मा'. एका हाताची, एका वर्षातली पत्रं शेजारी ठेवा आणि तो कोणासमोर कसा उभा राहतो ते नोंदवा.

तिसरी, नावं. आडनाव नाही, स्वतःचं, बापाचं, आजोबांचं अशी साखळी. नातवाला आजोबांचं नाव, त्यामुळे 'जिर्जिस हन्ना' १८६० मध्येही भेटतो आणि १९२० मध्येही. तारीख आणि शिक्का जुळल्याशिवाय दोघांना एक करू नका. पितळी शिक्क्यात कधीकधी कोरल्याचं वर्ष असतं, माणूस ओळखायला त्याहून खात्रीचं काही नाही. मुलांच्या नावांची पिढीवार यादी करा: बुत्रुस, तादरूस, शनूदा अशी संतांची, अझीझ, समीर, नबील अशी दोन्ही समाजांत चालणारी, रमसिस, अहमोस अशी फारोंची. तिसरा गट कोणत्या दशकात शिरतो ते बघा. १९२२ मध्ये तुतानखामूनची कबर सापडली आणि 'आम्ही फारोंचे वंशज' ही भाषा सुशिक्षितांत जोरात होती, पण कॉप्टांपुरतीच नव्हती हेही लक्षात असू द्या.

बिरुदांनी तारखा लावता येतात. जेरुसलेमची यात्रा करून आलेल्याच्या नावाआधी 'मुकद्दिस' लागतं. १८९० च्या खतात नाही आणि १८९५ च्या खतात आहे, तर यात्रा त्या मधल्या काळात. १९६७ च्या युद्धानंतर ही वाटच बंद झाली. 'बे' आणि 'पाशा' १९५२ मध्ये रद्द झाले. त्यानंतरच्या घरगुती कागदात ते टिकून असतील तर कौटुंबिक अभिमान.

आणि 'कॉप्टिक' हा एकसंध गठ्ठा धरू नका, अस्यूतमध्ये तर मुळीच नको. अमेरिकन मिशन इजिप्तमध्ये १८५४ पासून, अस्यूतचं कॉलेज १८६५ चं. एका आजोबांची नातवंडं ऑर्थोडॉक्स, इव्हँजेलिकल (प्रोटेस्टंट) आणि कॅथलिक अशी तीन चर्चांत वाटलेली असणं तिथे नवल नाही. लग्नाच्या दाखल्यावर कुठल्या चर्चचा शिक्का आहे ते प्रत्येक वेळी लिहा. ऑर्थोडॉक्सांतही एकमत नव्हतं: मजलिस मिल्ली १८७४ ची, आणि तिच्या अधिकारांवरून पॅट्रिआर्क (चर्चचे सर्वोच्च धर्मगुरू) किरिल पाचवे यांच्याशी एवढं बिनसलं की १८९२ मध्ये त्यांना बरमूस मठात पाठवलं गेलं, १८९३ मध्ये ते परतले. त्या महिन्यांतली पत्रं असतील तर आधी ती वाचा. १९११ च्या मार्चमध्ये अस्यूतलाच कॉप्टिक परिषद भरली: रविवारची सुट्टी, नोकऱ्यांत गुणवत्ता, प्रतिनिधित्व अशा मागण्या. परिषद भरवावी की नाही यावरच समाजात दुमत होतं. कॉप्टिक वर्तमानपत्रांपैकी घरात कात्रण 'अल-वतन'चं जपलंय, 'मिस्र'चं, की दोन्हींचं?

पाठपोट

किती तरी मिळालं, आभार. वाटणीपत्रं शोधली, सहा आहेत. किरातांचा तक्ता करतोय.

दोन उपप्रश्न. फोटोंच्या पाठीवर मजकूर आहे. एकावर 'आजोबा, १९१९ च्या क्रांतीत'. तो किती भरवशाचा? आणि 'अल-अहराम'मधल्या निधनवार्तांची खूप कात्रणं आहेत, ती वगळली तर चालतील का?

समासातली नोंद

निधनवार्ता वगळू नका! 'अल-अहराम'च्या त्या पानावर मृताच्या नात्यांची लांबलचक यादी असते: कोणाचा भाऊ, कोणाचा व्याही, कोण कुठल्या खात्यात, कुठल्या गावचा. वंशावळीला याहून सोपा आधार नाही. शिवाय कोणाचा हुद्दा छापला आणि कोणाचा गाळला, परदेशी गेलेल्यांचं शहर लिहिलं का, कुठली नाती आधी आली, यातून कुटुंबाला जगासमोर कसं दिसायचं होतं ते कळतं. एक सावधगिरी: नाव यादीत नाही म्हणजे माणूस नव्हता असं नाही. भांडणं, धर्मांतर, न पटलेलं लग्न, कारणं अनेक.

फोटोच्या मजकुरात आधी शाई बघा. बॉलपेन असेल तर मजकूर १९४० च्या दशकाच्या अखेरीआधीचा नाही. म्हणजे '१९१९' हे तीस-चाळीस वर्षांनी कोणीतरी लिहिलंय, आणि 'आजोबा' या शब्दावरून ते नातवंडाचं काम. फोटोपुरता तो कच्चा पुरावा. पण स्मृतीचा पक्का पुरावा आहे, कारण त्या नातवाला आजोबा १९१९ मध्ये असायला हवे होते. १९१९ म्हणजे ब्रिटिशांविरुद्धचा उठाव, चंद्रकोर आणि क्रॉस एकत्र असलेले झेंडे, कैरोतल्या अल-अझहर मशिदीच्या व्यासपीठावरून बोलणारे फादर सर्जियस. प्रत्येक कॉप्टिक घराला त्या चित्रात आपला माणूस हवा असतो. मजकूर १९५० च्या दशकातला की १९७० च्या, हे त्याच हाताच्या इतर मजकुरांवरून ठरवा. १९७२ च्या खान्का प्रकरणानंतर (तिथे कॉप्टांचं प्रार्थनास्थळ जाळलं गेलं) कोणी १९१९ ची आठवण लिहून ठेवली असेल तर तिचा सूर वेगळा.

फोटोतला पुरावा स्वतंत्र तपासा: स्टुडिओचा छाप, मागच्या पुठ्ठ्याची जात, पोस्टकार्ड असेल तर छापील पाठ. स्टुडिओत पडद्यासमोर बसून काढलेला फोटो मोर्चात काढलेला नसतो, एवढं तरी नक्की.

शाईदौत

कागदांच्या तब्येतीबद्दल कोणी बोललं नाही म्हणून लिहितो.

जांभळी शाई दिसली तर थांबा. कॉपिंग पेन्सिल आणि अ‍ॅनिलीन शाई दमटपणाने फुलते आणि शेजारच्या कागदावर उतरते. असा कागद सपाट करायला वाफ देऊ नका, ओलं ब्लॉटिंगही नको. जुनी काजळीची शाई काळाने फिकी पडत नाही, पण पाण्याने सुटते आणि घडीवर खपली होऊन पडते. म्हणून घडी एकदाच उघडायची आणि परत घालायची नाही. लोखंडी शाई उलट कागद खाते: तपकिरी अक्षर, कडेला पिवळी छटा, मग अक्षराच्या जागी भोक. अशा कागदाला प्लॅस्टिकच्या पाकिटात कोंबू नका, सपाट फोल्डरमध्ये ठेवा.

सेलोटेप कधीही नाही. आधीच लावलेली असेल तर ओढून काढू नका, ते संवर्धकाचं काम. टाचण्या आणि स्टेपल काढा, पण गंजून चिकटल्या असतील तर खाली पातळ पॉलिएस्टरचा तुकडा सरकवून मगच. कात्रणं वेगळी ठेवा, त्यांचं आम्ल शेजारच्या कागदावर आपलीच तपकिरी आकृती छापतं. चिकट पानांच्या अल्बममधले फोटो खेचू नका. दात साफ करायचा, मेण न लावलेला दोरा मागून हळू सरकवत न्या. पाकिटं पॉलिएस्टर किंवा पॉलिप्रॉपिलीनची, पीव्हीसी नको. आर्द्रता ३५ ते ५० टक्के. कीड असेल तर बंद पिशवीत उणे २० अंशांवर दोन आठवडे, पण काचेच्या निगेटिव्ह आणि रंगकाम असलेल्या वस्तू यात घालायच्या नाहीत.

परत स्कॅन करणार असाल तर कागद ४०० पीपीआय (इंचाला इतके बिंदू), फोटो ६००, दोन्ही रंगीत, टिफमध्ये. पातळ कागदाची पाठ पुढे उमटत असेल तर मागे काळा कागद ठेवा. शिक्का वठला नसेल तर दिवा अगदी आडवा धरून वेगळा फोटो. जलचिन्ह बघायला कागद उजेडासमोर: तीन चंद्रकोरी दिसल्या तर इटलीहून पूर्वेकडच्या बाजारासाठी येणारा कागद, तारीख नसलेल्या चिठ्ठ्यांचा काळ ठरवायला उपयोगी.

दप्तरदार

एक राहिलं, कायदा आणि सभ्यता.

प्रार्थनेची पुस्तकं हस्तलिखित असतील तर पहिलं आणि शेवटचं पान वाचा. 'अमक्या चर्चला कायमचा वक्फ, बाहेर नेणाऱ्याचा वाटा यहूदाबरोबर' (येशूशी दगा करणाऱ्या शिष्याबरोबर) अशा अर्थाची ओळ सापडली, तर ते पुस्तक कुटुंबाचं नसून चर्चचं असू शकतं. कुटुंबाला सांगा, वर्णन प्रसिद्ध करण्याआधी. हस्तलिखितांसाठी २००९ चा कायदा क्र. ८ आणि पुरावस्तूंसाठी १९८३ चा क्र. ११७ आहे, कुणी 'मूळ कागद परदेशी न्या' म्हणालं तर लेखी परवानगीशिवाय हातही लावू नका.

कागद कुटुंबाचे असले तरी पत्रातल्या मजकुराचा हक्क लिहिणाऱ्याच्या वारसांकडे. २००२ च्या कायदा क्र. ८२ नुसार तो मृत्यूनंतर ५० वर्षं राहतो. म्हणजे मामाने कॅनडातून पाठवलेलं १९७१ चं पत्र छापायला मामाच्या मुलांची संमती हवी.

घटस्फोट, चर्च बदलणं आणि धर्मांतराचे कागद वेगळ्या बंद फोल्डरमध्ये. त्यांतल्या लोकांची मुलं हयात असतात आणि इजिप्तमध्ये ही माहिती नुसती जुनी गोष्ट नसते. तक्त्यात 'बंद' असा रकाना करा, कोणी आणि केव्हापर्यंत बंद ठेवायला सांगितलं तेही लिहा. तक्त्याची एक प्रत कुटुंबाला अरबीत द्या. त्यात चुकीची नाती बघून आत्याबाई फोन करतील आणि उरलेले डबे कोणाच्या माळ्यावर आहेत ते त्यांनाच माहीत असेल.